एका आजाराचं नाव

सिनेमातला माणूस दिवसा सज्जन आणि रात्री खुनी निघाला की आपण लगेच म्हणतो, 'स्किझोफ्रेनिया आहे त्याला.' चूक आहे. पण ही चूक शब्दातच पेरलेली आहे.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन या आजाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' म्हणायचा, म्हणजे अकाली येणारा बुद्धिभ्रंश. झुरिकच्या युजेन ब्लॉयलरला ते पटेना. त्याचे सगळेच रुग्ण काही खालावत जात नव्हते. १९०८ साली बर्लिनमधल्या व्याख्यानात त्याने नवा शब्द मांडला. ग्रीकमध्ये 'स्किझो' म्हणजे दुभंगणं, 'फ्रेन' म्हणजे मन. विचार आणि भावना यांचे सांधे निखळतात, असं त्याला म्हणायचं होतं. लोकांनी ऐकलं ते एका देहात दोन माणसं! आपल्या 'छिन्नमनस्कता'चंही तेच झालं.

(कोडमध्ये व्हेरिएबलला चुकीचं नाव पडलं तरी वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. काहीतरी मोडेल, ही भीती.)

जपानीत या शब्दाचं भाषांतर होतं 'मन फाटण्याचा आजार'. तो शब्द इतका बोचरा, की बरेच डॉक्टर रुग्णाला निदान सांगतच नसत. १९९३मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनेच नाव बदलायची मागणी केली. २००२मध्ये नवं नाव आलं, 'तोगो शिच्चो शो', म्हणजे मनाचा मेळ बिघडण्याचा आजार. त्या वर्षी जेमतेम ३७ टक्के रुग्णांना निदान सांगितलं जात होतं. दोनेक वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं.