अंगणातली शाळा, कुरणातली शाळा

बालकाच्या शिक्षणाचा आरंभ कोठे होतो, ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. जुन्या समजुतीप्रमाणे तो धुळाक्षरांपासून होत असे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल ह्याने १८४० मध्ये आपल्या बालशाळेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले आणि बालकांच्या हाती मातीचे वाफे सोपवले. पुढे १९०७ मध्ये डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी रोम शहराच्या सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले, आणि मूल स्वतःच्या हातांनी व इंद्रियांनी शिकते हे जगाच्या प्रत्ययास आणून दिले. तथापि एखादा चांगला विचार दूरच्या देशात जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची सामग्रीही जाते, आणि पुष्कळदा सामग्रीच विचाराची जागा बळकावून बसते. हिंदुस्थानात बालशिक्षणाच्या बाबतीत हा धोका उभा राहिला होता. तो ज्यांनी ओळखला आणि त्यावर उपाय शोधला, त्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांचे कार्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मुलाचे आरोग्य, त्याचे घर आणि त्याच्या सभोवारची सृष्टी ह्या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, ही गोष्ट त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे प्रत्यक्ष करून दाखवली.

ह्या कार्याचे मूळ मात्र मराठी मुलखात नाही. ते सौराष्ट्रातील भावनगरात आहे. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. गिजुभाई व्यवसायाने वकील होते. पण मुलांना धाक व मार देणाऱ्या शाळेविषयी त्यांच्या मनात तीव्र असंतोष होता आणि अखेर वकिली सोडून ते बालशिक्षणास वाहून राहिले. आईबापांनाही काही शिकावे लागते, हे त्यांनी इतक्या आग्रहाने मांडले की आपल्या एका पुस्तकाचे नावच त्यांनी आईबाप होणे अवघड आहे अशा अर्थाचे ठेवले. १८९२ मध्ये जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला जाऊन त्यांना मिळाल्या. मराठी घरात वाढलेल्या ह्या विदुषीने गुजराती मुलांत बसून, गुजराती भाषेत लेखन करून आपल्या कार्याची घडण केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर नांदणाऱ्या मराठी समाजास हा इतिहास आपलासा वाटावा असाच आहे; कारण मराठी बालशिक्षणाच्या एका मोठ्या प्रवाहाचा उगम दुसऱ्या भाषेच्या अंगणात झाला.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. शहरी मध्यमवर्गात बालमंदिराची कल्पना रुजू लागली. १९३९ मध्ये खुद्द डॉ. माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या, आणि महायुद्ध पेटल्यामुळे त्यांचा ह्या देशातील मुक्काम काही वर्षे लांबला. त्या काळात कोडाईकनालच्या डोंगराळ परिसरात राहत असता, सारी सृष्टी हे मुलाच्या अभ्यासाचे एकच अखंड क्षेत्र आहे, हा आपला विचार त्यांनी अधिक विस्ताराने मांडला. परंतु त्यांच्या पद्धतीची शास्त्रशुद्ध साधने म्हणजे गुळगुळीत लाकडी दट्टे, रंगपट्ट्या आणि मण्यांच्या माळा. ही साधने महाग होती. ज्या गावात पाटीलाही पैसा नाही तेथे ती कोण आणणार? आणि ती आणता येत नाहीत म्हणून खेड्यातल्या मुलाने शिक्षणावाचून राहावे काय? हा प्रश्न घेऊन वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. बालवयात वैधव्य आलेल्या, पुढे शिकून पुण्यात अध्यापन केलेल्या ह्या बाईंनी त्यानंतरचे सारे आयुष्य त्या परिसरास दिले.

ते वर्षही साधे नव्हते. त्याच १९४५ साली डहाणू व उंबरगाव तालुक्यांतील वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तो लढा चालवला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती हा त्यातला प्रमुख प्रश्न होता, आणि गवत कापण्याच्या मजुरीचा प्रश्नही त्याला येऊन मिळाला होता. शहरातून पाहणाऱ्यास हिरवेगार कुरण म्हणजे डोळ्यांचा विसावा. ते कापणाऱ्या वारल्यास मात्र ते दिवसभराचे कष्ट आणि अपुरी मजुरी होती. म्हणून ह्या भागातील बालशिक्षणाकडे निसर्गाच्या सान्निध्यातील एखादे रम्य चित्र म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. निसर्ग तेथे विपुल होता. अन्न, वस्त्र आणि फुरसत मात्र दुर्मिळ होती.

अशा ठिकाणी बालवाडीने पहिला धडा घेतला तो स्नानाचा. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही कामे अभ्यासाच्या आधीची म्हणून उरकली जात नसत. ती अभ्यासाचाच भाग मानली जात. त्वचेचे व डोळ्यांचे कितीतरी विकार केवळ अस्वच्छतेमुळे बळावतात, आणि अंगाला खाज सुटलेले मूल गाण्यात वा गोष्टीत रमत नाही. परंतु ह्या धड्याचा खरा उपयोग घर सामील झाल्यावाचून होत नाही. बालवाडीत धुतलेले मूल संध्याकाळी त्याच धुळीत, त्याच मळक्या कपड्यांत गेले तर सकाळचे श्रम वाया जातात. म्हणून शिक्षिकांना पाड्यांवर जाणे, आयांशी बोलणे, त्यांच्या अडचणी जाणणे भाग पडले. ज्या आईला पाण्याची घागर दुरून आणावी लागते तिला स्वच्छतेचे व्याख्यान देणे सोपे, पण निरुपयोगी. तिच्या दिनक्रमात काय बसते हे पाहूनच आरोग्याची गोष्ट बोलावी लागते.

ह्यातूनच अंगणवाडीची कल्पना निघाली. लहान मुले दूरच्या बालमंदिरात येत नाहीत. आईबाप कामावर जातात, त्यांना पोहोचवणारे कोणी नसते. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे तत्त्व ताराबाईंनी स्वीकारले. वस्तीतल्या एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावे, झाडाच्या सावलीत मुलांना जमवावे आणि तेथेच बालवाडी भरवावी. ह्या योजनेत खर्चाची बचत होती हे खरे, पण तिचा मोठा लाभ वेगळाच होता. अंगणात भरलेली शाळा आईच्या डोळ्यांदेखत चालते. मूल हात धुऊन खाते, केर एका बाजूस टाकते, रोपाला पाणी घालते, हे ती पाहते. उपदेश न करता सवय घरात शिरते. मराठी घरात अंगणाला जे स्थान आहे, म्हणजे सडा, तुळस, वाळवण, मुलांचा खेळ आणि शेजाऱ्यांची ऊठबस, ते ध्यानी घेतले म्हणजे ह्या नावाची समर्पकता पटते.

साधनांचा प्रश्नही अशाच रीतीने सुटला. समुद्रकिनाऱ्यावर शंखशिंपल्यांना तोटा नव्हता. ओढ्यात गोटे होते, रानात बिया, पाने, फुले आणि बांबू होते. लहानमोठे गोटे क्रमाने लावताना मुलाला आकाराचे ज्ञान होते. बियांच्या राशी करताना मोजणी येते. पानांच्या कडा बोटांनी चाचपताना स्पर्श तीक्ष्ण होतो. फुलांच्या वासावरून नाव ओळखताना घ्राणेंद्रियास वळण लागते. माँटेसरी पद्धतीचे तत्त्व कायम राहिले आणि तिचे लाकडी कपाट मात्र अनावश्यक ठरले. शिवाय कारखान्यातून आलेले साधन मोडले तर शिक्षिका रागावते. शिंपला फुटला तर मूल दुसरा शोधावयास धावते. त्या शोधात त्याची सृष्टीशी जी ओळख होते ती अभ्यासक्रमात मावणारी नसते.

१९५७ मध्ये संस्थेचे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे चहूकडे वारली पाडे. तेथील मुलांच्या गैरहजेरीचे कारण आळस किंवा नावड नव्हे, तर घरची कामे होत, हे लवकरच दिसून आले. मोठी बहीण शाळेत येत नसे, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असे. मोठा भाऊ येत नसे, कारण गुरे त्याच्या स्वाधीन असत. ह्या दोन अडचणींना दोन उत्तरे मिळाली. पहिले उत्तर विकासवाडीचे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या, म्हणजे तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात बसू शके. शिक्षणाने येथे एकेका मुलाचा विचार सोडून साऱ्या कुटुंबाचा विचार केला. धाकट्याची सोय झाल्यावाचून थोरलीचे शिक्षण होणार नाही, हे साधे सत्य अनेक मोठ्या योजनांच्या ध्यानात येत नाही.

दुसरे उत्तर कुरणशाळेचे. गुरे सोडून मूल शाळेत येत नाही, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. तेथे फळा, घंटा वा भिंत नव्हती. गवताच्या जाती, पक्ष्यांचे आवाज, ढगांची दिशा, गुरांची मोजदाद हाच पाठ. एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी लागते. कुरणातल्या मुलाला निसर्गाची माहिती शिक्षकाहून अधिक असे. कोणता पाला गुरे खातात, कोणते फळ खाण्याजोगे आहे, ओहोळ कोठे आटतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. चार भिंतींच्या शाळेत हेच मूल अज्ञानी ठरते, कारण तेथे विचारलेले प्रश्न त्याच्या जगातले नसतात. कुरणात त्याच्या ज्ञानाला मान मिळे, आणि त्या मानाच्या आधारावर अक्षरे व अंक त्याला परके वाटेनासे होत. स्वतःच्या परिसराविषयी लाज न बाळगता शिकणे ही आदिवासी बालकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

आज सर्वांच्या तोंडी असलेला ‘पर्यावरण’ हा शब्द ह्या कार्याच्या प्रारंभकाळी रूढ नव्हता. १९७२ च्या जून महिन्यात स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली, त्यानंतर त्या शब्दास जागतिक चलन मिळाले. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गावोगावी आज हा शब्द उच्चारला जातो. पूरक आहार, लसीकरण आणि शाळापूर्व शिक्षण ह्यांची सांगड त्या योजनेत घातलेली आहे. म्हणजे आरोग्य व शिक्षण वेगळे करू नये हे बोर्डीचे तत्त्व तेथे दिसते. अनुताईंनी कोसबाडचे कार्य १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत चालू ठेवले.

ह्या दोघींनी ज्या तालुक्यात आयुष्य वेचले त्या डहाणू तालुक्यास १९९१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केले आणि तेथील उद्योगांवर निर्बंध घातले. चिकूच्या बागा, रान व समुद्रकिनारा ह्यांचे मोल कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण शाळांत आवश्यक करण्याचा निर्देश दिला. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच होत. परंतु पर्यावरण हा शाळेचा एक विषय झाला म्हणजे त्याचे पुस्तक येते, पुस्तकामागून प्रश्नपत्रिका येते, आणि मूल झाडाखाली न बसता झाडाचे उपयोग पाठ करू लागते. वास्तविक ज्या मुलाने एक रोप स्वतः लावून, उन्हाळ्यात त्याला पाणी घालून जगवले आहे त्याला ते उपयोग निराळे शिकवावे लागत नाहीत.

आता घरांना अंगणे राहिली नाहीत, आणि माजघर व पडवी असलेली घरेही विरळ होत चालली आहेत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खोटी नाही. परंतु बोर्डीच्या अंगणवाडीत जागेपेक्षा आईची नजर आणि मुलाचा हात ह्यांना अधिक महत्त्व होते. भाजीचे देठ कुंडीतल्या मातीत पुरणे, तांदळाचे धुवण झाडाला घालणे, हंगामाची फळे हंगामात खाणे, उरलेले अन्न वाया न घालवणे, ह्या गोष्टी मराठी गृहिणीस नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. मग ते घर वडोदऱ्याचे असो, इंदूरचे असो वा बेळगावचे. मुलाला त्या करू देण्याइतका धीर मात्र हल्ली कमी झाला आहे. मूल कुंडीत पाणी जास्त घालील, माती सांडील, कपडे मळवील, म्हणून त्याला दूर बसवले जाते, आणि पुढे त्याला सृष्टीची आवड नाही म्हणून खेद केला जातो.

ताराबाई आणि अनुताई ह्यांच्या जवळ पैसा नव्हता, सुसज्ज इमारत नव्हती. गरिबीने गांजलेल्या पाड्यांत त्यांनी मुलाच्या हाती शिंपले, गोटे आणि बिया दिल्या, त्याला स्वच्छ केले, त्याच्या आईला सोबत घेतले आणि त्याच्या गुरांमागे चालत गेल्या. एवढ्यानेही मूल निरोगी होते, शिकते आणि आपल्या भोवतालच्या जगाची कदर करू लागते, हे त्यांच्या कार्याने सिद्ध केले. ज्यांच्या घरी ह्याहून अधिक अनुकूलता आहे त्यांनी आपल्या मुलांसाठी निदान एवढे तरी करावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.