उत्सवाचा खर्च आणि उत्सवाची मालकी

फाल्गुनात गोव्यातील एखाद्या खेड्यात शिगम्याच्या दिवसांत गेले असता आजही एक दृश्य पाहावयास मिळते. गावाच्या ठरलेल्या जागी, म्हणजे मांडावर, ढोल-ताशे जमतात. नमन होते आणि मग मेळ घरोघर फिरू लागतो. प्रत्येक दारात तळी पुढे येते. घरधनी तीत नारळ, तांदूळ आणि यथाशक्ती पैसे घालतो. या जमलेल्या पैशातूनच उत्सवाचा खर्च भागतो, आणि तो कसा भागला हे गावात कोणापासून लपून राहत नाही.

त्याच सुमारास पणजीच्या हमरस्त्यावरही शिगमा असतो. तेथे रोमटामेळ, घोडेमोडणी, चित्ररथ असे सारे काही असते. पुढे व्यासपीठ, परीक्षक आणि बक्षिसे असतात, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून येतो. दोन्ही ठिकाणचे ढोल सारखेच वाजतात. परंतु पैसा कोणाचा, देखरेख कोणाची आणि परवानगी कोणाची, हे तीन प्रश्न विचारले की दोहोंतील अंतर ध्यानात येते. पर्यटकांचे माहेरघर म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या भूमीत या तीन प्रश्नांची उत्तरे कशी बदलत गेली, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आरंभ गावकरी संस्थेपासून करावा लागतो. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गोव्यातील गावांची शेती, खाजण जमिनी व बांध हे सारे गावकरांच्या सामाईक ताब्यात असे. शेतांची पावणी होई, म्हणजे ती लिलावाने कसावयास दिली जात. त्या उत्पन्नातून सरकारदेणे, बांधांची डागडुजी, देवळाची पूजाअर्चा, उत्सव आणि गावच्या सेवेकऱ्यांचा मोबदला इतके खर्च वजा जात, आणि उरलेले गावकरांत वाटले जाई. १५२६ साली अफोन्सो मेक्सिया याने तयार केलेल्या 'फोराल' या दस्तऐवजात गावकरांच्या या रूढी व हक्क नोंदविले गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की उत्सवाचा पैसा गावचा, देखरेख गावची आणि मुभाही गावचीच होती. अर्थात ही व्यवस्था सर्वांना समान होती असे नाही. गावकर कोण आणि सेवेकरी कोण हे जन्मानेच ठरत असे. उत्सवातील मानपानाचे तंटे याच विषमतेतून उपजले आणि काही ठिकाणी ते अद्याप मिटलेले नाहीत.

सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. मूर्ती घेऊन लोक नदीपलीकडे अंत्रुज महालात गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास स्थिरावली ती या काळात. देवाबरोबर उत्सव गेला, परंतु उत्सवाला पोसणारी जमीन मागे राहिली. ती उणीव पुढे इनामांनी भरून निघाली. छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत, १७३९ मध्ये, नारोराम मंत्री यांच्या खटपटीने कवळे गाव शांतादुर्गा देवस्थानास इनाम मिळाला, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. साताऱ्याच्या गादीचा आणि गोव्यातील उत्सवाचा हा संबंध केवळ भक्तीचा नसून जमाखर्चाचाही होता.

१७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. नव्या काबिजादींत प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, असे धोरण आता राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. पण मुभा देणे वेगळे आणि लगाम सोडणे वेगळे. देवस्थानांसाठी पुढे नियमावली करण्यात आल्या आणि ३० मार्च १९३३ रोजी ६४५ क्रमांकाच्या कायद्याने त्यांना आजचे रूप मिळाले. प्रत्येक देवस्थानास महाजनांची नोंदवही, निवडलेली समिती, वार्षिक अंदाजपत्रक आणि हिशेब ठेवणे बंधनकारक झाले, आणि या साऱ्यावर तालुक्याच्या प्रशासकाची नजर राहिली. मुक्तीनंतरही हा कायदा चालू राहिला. प्रशासकाच्या जागी मामलेदार आला, इतकेच. म्हणजे या दुसऱ्या पर्वात पैसा देवस्थानचाच राहिला, देखरेख मात्र सरकारकडे गेली.

परवानगीचे तर विचारावयासच नको. सालाझारच्या राजवटीत सभा, छपाई, नाटक अशा सर्वच गोष्टींवर नियंत्रण होते. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली, तेव्हा मोडली गेली ती परवानगीची सक्तीच. चार माणसांनी एकत्र येण्यास सरकारची संमती लागावी काय, हा त्या दिवसाचा प्रश्न होता. ज्या समाजाला जाहीर सभा घेता येत नव्हती, तो समाज जत्रेला, काल्याला आणि उत्सवी नाटकाला इतका का जपत होता, याचे उत्तर या पार्श्वभूमीवर सापडते. गावोगावची ती नाटके हौशी मंडळी पदरमोड करून उभी करीत. त्यांतून मराठी भाषा गोव्यात टिकली, हे विसरता येणार नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तिसरे पर्व सुरू झाले. १९६५ साली पणजीत कार्निव्हलची मिरवणूक नव्याने भरविण्यात आली आणि तिमोतेओ फर्नांडिस हे पहिले किंग मोमो झाले. कार्निव्हल, म्हणजे गावातला 'इंत्रुज', काही नवा नव्हता. उपासाच्या काळापूर्वीचे तीन-चार दिवस गावचे खेळ, पीठ व रंग यांची उधळण आणि थट्टामस्करी असे त्याचे रूप होते. त्याला चित्ररथ, ठरलेला मार्ग आणि बाहेरगावचे प्रेक्षक मिळाले ते मात्र या काळात. पुढे शिगम्यालाही तेच रूप आले. शहरोशहरी समित्या झाल्या, पर्यटन खात्याचे अनुदान आले, स्पर्धा आल्या. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला. त्यासाठी गोवा मनोरंजन संस्था स्थापन झाली, आणि जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची देखणी इमारत त्या कामी आली. सरकार आता केवळ परवाना देणारे राहिले नव्हते, ते स्वतःच यजमान झाले होते.

या बदलाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. स्पर्धेच्या निमित्ताने कित्येक तरुणांनी ढोल हाती घेतला. पूर्वी ज्या जातींना मांडावर मान नव्हता, त्यांच्या पथकांनाही राजरस्त्यावर बक्षीस मिळाले. परंतु गमावले तेही थोडे नाही. मेळ मांडावरून निघतो तो देवाच्या नावाने. मिरवणुकीत तो निघतो क्रमांकाने. आणि मुख्य म्हणजे, तळीत पैसे घालणारा घरधनी येथे रस्त्याच्या कडेचा प्रेक्षक झाला.

चौथा बदल खासगी पैशाने आणला. २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' हा विद्युत-संगीताचा महोत्सव सुरू झाला. तिकिटे व प्रायोजक यांवर चालणाऱ्या अशा कार्यक्रमांना पंचायत, पोलीस, अग्निशमन दल, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जागा किनाऱ्यालगत असल्यास किनारी क्षेत्र प्राधिकरण अशा अनेकांच्या संमती लागतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई केली. २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद ग्राह्य मानली. सूट आहे ती संस्कृतीसाठी. पण संस्कृती कशाला म्हणावे, हे गावाने ठरवावयाचे की तिकीट विकणाऱ्याने? २०२४ मध्ये हा महोत्सव पेडणे तालुक्यातील धारगळ येथे ठरला, तेव्हा याच प्रश्नावर गावात आणि पंचायतीत दोन तट पडले व वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. महोत्सव तेथे झाला, आणि २०२५ साली तो मुंबईस गेला.

शासकीय सेवेत असताना अशा परवानग्यांच्या फायली माझ्याही मेजावरून गेल्या आहेत. प्रत्येक खात्याचे ना-हरकत पत्र जोडलेले असे, शुल्क भरल्याची पावती असे. सारे कागद पुरे असल्यावर सही न करण्यास कारण उरत नसे, आणि मी सही करीत असे. कार्यक्रम आटोपल्यावर गावाला उत्तर कोण देणार, यासाठी मात्र त्या फायलीत रकाना नव्हता. तो असावा असे मलाही त्या वेळी सुचले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

म्हणून देखरेख नकोच, असे मात्र म्हणता येत नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या रात्री हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागून २५ जण मृत्युमुखी पडले. पहिला सोहळा शतकानुशतकांच्या श्रद्धेचा, दुसरे ठिकाण निव्वळ धंद्याचे. दोहोंतही प्रश्न एकच उभा राहिला : पाहणी कोणी केली होती? श्रद्धा ही वाटेची रुंदी वाढवीत नाही, आणि परवान्याचा कागद आग विझवीत नाही.

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. इंदूरकर वाचकांना अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची आठवण होईल. कापड गिरण्यांच्या कामगारांनी त्या वाढविल्या. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांनी हट्टाने त्या चालू ठेवल्या, पण त्यासाठी महापालिका व विकास प्राधिकरण यांच्या साहाय्याकडे पाहावे लागले. उत्सव टिकला हे खरे. मात्र ज्या घामाच्या पैशावर तो उभा होता, तो आटला होता.

सारांश इतकाच की पैसा, देखरेख आणि परवानगी ही तिन्ही एकाच हाती असली तर ती आंधळी होतात, मग तो हात गावकरांचा असो वा सरकारचा. आणि तिन्ही तीन दिशांना गेली तर उत्तरदायी कोणीच उरत नाही. सरकारने सुरक्षितता पाहावी, अनुदानही द्यावे. परंतु ज्यांच्या दारावरून मिरवणूक जाते त्यांचा थोडा तरी पैसा उत्सवात असावा, आणि समारोपानंतर त्यांच्यासमोर जमाखर्च वाचला जावा. आपण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात गणेशोत्सव व व्याख्यानमाला वर्गणीवर चालवीत आलो. त्या वर्गणीची पावती फाडताना कधी कंटाळा आला असेल, पण सभेत उभे राहून हिशेब विचारण्याचा हक्क आपल्याला त्या पावतीनेच दिला आहे.