इझुमी, अराता

(३१ जुलै १९८२– ). भारतीय फुटबॉलपटू व प्रशिक्षक. मैदानावरची जागा आक्रमक मध्यरक्षकाची. गरजेनुसार बाजूच्या पट्टीत किंवा आघाडीवीराच्या मागेही. जन्म जपानमधल्या यामागुची प्रांतातील शिमोनोसेकी या बंदराच्या शहरी. आई जपानी, वडील गुजराती. नीलकंठ खंबोलजा हे त्यांचे भारतीय नाव. ईस्ट बंगाल, महिंद्र युनायटेड, पुणे एफसी, अॅटलेटिको डी कोलकाता, एफसी पुणे सिटी, केरळ ब्लास्टर्स हे त्यांचे प्रमुख भारतीय क्लब. त्यांतले तीन महाराष्ट्रातले, आणि तिन्ही आता अस्तित्वात नाहीत. इझुमी यांची ओळख बहुतेक वेळा एका ओळीत आटोपते: जपानमध्ये जन्मून जपानचे नागरिकत्व सोडणारा आणि भारताकडून खेळणारा फुटबॉलपटू. ती ओळ खरी आहे, पण तिच्यात कार्यकारणाचा क्रम उलटा लागतो. पारपत्रामुळे त्यांची भारतातली कारकीर्द घडली असे तिच्यातून वाटते. प्रत्यक्षात इथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळल्यामुळे ते पारपत्र त्यांच्यापर्यंत आले. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना राष्ट्रीय संघात घ्यावे की नाही, या वादात इझुमी यांचा दाखला दोन्ही बाजू देतात. म्हणून हा क्रम आधी नीट लावून घेणे आवश्यक आहे.

भारतात येण्याआधी ते सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निगाता या संघाकडून खेळत होते. जपानी क्लबाचीच ही परदेशातली शाखा २००४ पासून त्या लीगमध्ये उतरली होती, आणि मायदेशी वरच्या स्तरावर जागा न मिळालेल्या जपानी तरुणांना तिथे सामने मिळत. म्हणजे २००६ मध्ये कोलकात्यात ईस्ट बंगालकडे दाखल झालेला हा चोवीस वर्षांचा खेळाडू कुठला तयार तारा नव्हता. जपानच्या राष्ट्रीय संघाशी त्याचा संबंध आला नव्हता आणि येण्याची चिन्हेही नव्हती. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम काढून ते मुंबईत महिंद्र युनायटेडकडे आले. हा संघ त्या वेळी देशातल्या पहिल्या फळीत होता. गोव्याचे डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, आणि २००८ चा ड्युरँड करंडकही मिळवला. परेरा २००९ मध्ये पुण्याला गेले, तेव्हा इझुमीही पुणे एफसीत आले. कारकिर्दीचा कळीचा धागा इथे सापडतो. खेळाडूची पारख असलेला प्रशिक्षक, त्याच्यावर विसंबून राहू शकणारा क्लब आणि एकाच राज्यात सलग मिळालेली वर्षे यांतून परदेशी पाहुण्याचा इथला खेळाडू झाला.

पुणे एफसीचा जन्म २००७ चा. मालकी अशोक पिरामल समूहाची, घरचे मैदान बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल. आय-लीग या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये पहिल्यांदाच, म्हणजे २००९-१० मध्ये, उतरून या संघाने तिसरा क्रमांक पटकावला आणि २०१२-१३ मध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ उपविजेता ठरला. इझुमी या सगळ्या काळात मधल्या फळीत होते. याच काळात त्यांचा दर्जा कागदोपत्री बदलला, आणि तो बदल फुटबॉलच्या हिशेबात पाहायला हवा. परदेशी खेळाडूंची संख्या लीगमध्ये मर्यादित असते. आशियाई महासंघाने २००९ पासून आपल्या स्पर्धांना तीन कोणत्याही देशाचे आणि एक आशियाई अशी चौकट घातली, आणि पुढे भारतीय लीगनेही ती स्वीकारली. त्या आशियाई जागेमुळे जपान आणि दक्षिण कोरियाच्या मध्यरक्षकांना भारतात मागणी आली. साळगावकरला २०१०-११ मध्ये विजेतेपद मिळाले तेव्हा संघात जपानचा र्युजी सुएओका होता. ईस्ट बंगालने २०१५ मध्ये कोरियाचा डो डोंग-ह्युन आणला. मुंबईच्या ओएनजीसीकडून भारतात पाय टाकलेला जपानचा कात्सुमी युसा पुढे मोहन बागानच्या २०१४-१५ च्या विजेत्या संघातला आधारस्तंभ ठरला. ही मंडळी चेंडू खेळवणारी, मेहनती आणि युरोपीय खेळाडूंच्या मानाने परवडणारी होती. इझुमी त्याच लाटेतले, पण त्यांच्याकडे एक गोष्ट जादा होती: वडिलांचा भारतीय वंश. ते भारतीय नागरिक होताच पुणे एफसीची एक परदेशी जागा मोकळी झाली आणि राष्ट्रीय संघालाही मध्यरक्षक मिळाला. क्लबचा फायदा आणि देशाचा फायदा एकाच दिशेने असला की सरकारी कागद लवकर पुढे सरकतात, असे म्हणायला हरकत नसावी.

नागरिकत्वाची ही अदलाबदल २०१२ च्या अखेरीपर्यंत पूर्ण झाली. तिची किंमत काय होती हे समजण्यासाठी दोन्ही देशांचे कायदे पाहावेत. भारतीय संविधान आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाहीत. परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड हे मतदानाचा किंवा देशाकडून खेळण्याचा हक्क देत नाही. २००८ च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने भारतीय पारपत्र असणाराच देशाचे प्रतिनिधित्व करील असे ठरवून त्यावर शिक्कामोर्तब केले. जपानचा कायदाही तितकाच कडक: स्वेच्छेने परकी नागरिकत्व घेतले की जपानी नागरिकत्व आपोआप संपते. म्हणजे इझुमी यांना मागे फिरण्याची वाट ठेवून पुढे जाता आले नाही. त्यांनी ६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध पदार्पण केले. प्रशिक्षक विम कुवरमन्स यांच्या संघाचा त्या मैत्रीपूर्ण सामन्यात ४-२ असा पराभव झाला. त्या वेळी इझुमी तिशी ओलांडलेले होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटतो. तिशीनंतरचे पदार्पण, दहाच्या आत राहिलेले आंतरराष्ट्रीय सामने, भारताच्या क्रमवारीत काही फरक नाही. मग यात यश ते काय? या मोजपट्टीने पाहिले तर इझुमी अपयशीच ठरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही मोजपट्टी लावताना आपण राष्ट्रीय संघालाच कारकिर्दीचे शिखर मानून चालतो. भारतीय फुटबॉलमध्ये मध्यरक्षकाची किंमत लीगच ठरवते. जुलै २०१५ मध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी (आयएसएल) निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला, तेव्हा तेहतिशीच्या उंबरठ्यावरच्या इझुमी यांना अॅटलेटिको डी कोलकाताने ६८ लाख रुपयांना घेतले. त्याच लिलावात सुनील छेत्री १ कोटी २० लाखांना मुंबई सिटीकडे आणि युजिन्सन लिंगडोह १ कोटी ५ लाखांना पुणे सिटीकडे गेले. म्हणजे बाजारात इझुमी यांचे मोल भारतीय खेळाडू म्हणून, भारतीयांच्या रांगेत झाले. प्रशिक्षक अँटोनियो हबास यांच्या त्या संघाने उपांत्य फेरी गाठली, आणि पुढच्या वर्षी हबास पुणे सिटीकडे गेले तेव्हा इझुमीही पुन्हा पुण्यात आले. प्रशिक्षकामागे जाण्याची ही दुसरी वेळ. परेरा असोत की हबास, ज्यांनी त्यांना रोजच्या सरावात पाहिले ते त्यांना पुन्हा बोलावत गेले. राष्ट्रीय संघातल्या मोजक्या सामन्यांपेक्षा हा पुरावा जास्त वजनाचा मानावा लागतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा. इझुमी यांना नागरिकत्व सोडावे लागले म्हणून ते एकटेच राहिले. ओसीआय कार्डधारकांना मुभा दिली असती तर युरोप-अमेरिकेतून अनेकजण आले असते, असे अनेक प्रशिक्षक व समालोचक मांडत आले आहेत. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. एकाच नागरिकत्वाची अट माणसे घटवते, यात वाद नाही. पण तीच अट असलेल्या जपानने काय केले, तेही पाहू. ब्राझीलमध्ये जन्मलेला मध्यरक्षक रुई रामोस १९७७ मध्ये योमिउरी संघाकडे आला, बारा वर्षांनी, १९८९ मध्ये, जपानी नागरिक झाला आणि १९९२ मध्ये आशियाई चषक जिंकणाऱ्या जपानी संघात खेळला. त्याच्यामागून वॅग्नर लोपेस, अॅलेक्स सांतोस, मार्कुस तुलिओ तानाका आले. सगळेच आधी जपानी लीगमध्ये वाढलेले. दक्षिण कोरियाचा मार्ग निराळा: जर्मनीत जन्मलेला, कोरियन आईचा मुलगा जेन्स कास्ट्रॉप हा मध्यरक्षक २०२५ मध्ये कोरियाच्या संघात आला, आणि तो जर्मन फुटबॉलमध्येच घडलेला. ज्या देशाचे वंशज बुंडेसलीगामध्ये खेळतात त्याला हा सोपा रस्ता परवडतो. भारताच्या वाट्याला येणारे बहुतेक वंशज खेळाडू त्या स्तरावरचे नाहीत. तेव्हा भारतासाठी जवळचे उदाहरण रामोसचे, कास्ट्रॉपचे नव्हे. कायदा शिथिल झालाच तरी वर्षानुवर्षे खेळाडूला राहावेसे वाटेल असा क्लब नसेल तर येणारा एका हंगामात परतेल.

आणि या प्रश्नावर महाराष्ट्राचा ताळेबंद वाईट आहे. इझुमी ज्या वर्षी भारताकडून खेळले त्या २०१२-१३ च्या हंगामात चौदा संघांच्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचे चार होते: पुणे एफसी, मुंबई एफसी, एअर इंडिया आणि ओएनजीसी. महिंद्र युनायटेड त्याआधीच, २०१० मध्ये, बंद झाला होता; समूहाने लहान मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देऊ असे सांगत तो गुंडाळला. एअर इंडिया व ओएनजीसी परवान्याचे निकष पूर्ण न केल्याने २०१३-१४ पासून लीगबाहेर गेले. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला, त्याच वर्षी पुण्यात कल्याणी समूहाने काढलेला भारत एफसी एकच हंगाम टिकला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या स्तरावर गेला आणि मग विरला. वाधवान समूहाचा पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादने घेतली. आताची वरची लीग असलेल्या आयएसएलमध्ये राज्यातून उरला तो २०१४ चा मुंबई सिटी. नागरिकत्वाच्या वादात ही यादी कोणी आणत नाही, पण पुढचा इझुमी घडायचा तो याच क्लबांत घडला असता. पुणे एफसीच्या अकादमीतून आलेला केरळचा आशिक कुरुनियन पुढे राष्ट्रीय संघात खेळला, हे बंद पडलेल्या त्या संस्थेचे उत्पन्न. एक पोटप्रश्नही आहे: हे सारे क्लब मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच होते. डहाणू या आदिवासीबहुल तालुक्यातल्या रानशेतच्या मुलाला मुंबईतल्या कूपरेजच्या मैदानाकडे येण्यासाठी चर्चगेटपर्यंतची लोकल २०१३ मध्ये थेट डहाणूपर्यंत आली, पण डहाणू-तलासरी भागात व्यावसायिक क्लब तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. कूपरेजवर खेळणारे संघही एकेक करून गेले. शहरात क्लब टिकत नाहीत तिथे आदिवासी पट्ट्यातल्या मुलाच्या नशिबी निवड चाचणीची एखादी वारी येते, सलग पाच हंगाम येत नाहीत.

केरळ ब्लास्टर्सकडून २०१७-१८ च्या हंगामात खेळल्यावर इझुमी यांची खेळाडू म्हणून कारकीर्द उतरणीला लागली आणि ते प्रशिक्षणाकडे वळले. नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या निवासी अकादमीत त्यांनी वयोगटांच्या संघांना तयार केले, आणि डेव्हलपमेंट लीगमध्ये आयएसएलच्या क्लबांच्या राखीव संघांपुढे आपली मुले उतरवली. जन्माने जपानी, नागरिकत्वाने भारतीय आणि कामाने महाराष्ट्राचा हा माणूस इथे जे शिकवतो ते बालेवाडीत व कूपरेजवर खेळलेल्या काळातले आहे.

त्यांच्यानंतर नागरिकत्व बदलून भारतीय झालेला नामवंत फुटबॉलपटू मिळायला तब्बल तेरा वर्षे गेली. पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पारपत्र सोडले. त्याची आई मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन. आजोबा लिंकन ग्रोस्टेट संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. वंशाचा धागा महाराष्ट्राकडे इतका सरळ असूनही विल्यम्स भारतात आला तो २०२३ मध्ये बेंगळुरू एफसीकडे.