मोटारीचा पुढचा दिवा : सुट्या भागांच्या अदलाबदलीचा इतिहास

मोटारीच्या पुढच्या दिव्याशी दोन माणसांचा संबंध येतो आणि त्यांची हिते परस्परविरोधी असतात. चालकाला प्रकाश दूरवर हवा असतो. समोरून येणाऱ्याला तो डोळ्यांत नको असतो. बाजारातून अधिक तेजस्वी भाग आणून दिवा सुधारण्याच्या प्रथेचा विचार सामान्यतः केवळ तेजाच्या अंगाने होतो. वस्तुतः तिच्या इतिहासात एक निराळाच प्रश्न वारंवार उपस्थित झालेला दिसतो : दिव्याचे एकक कोणते मानावयाचे? सुटा बल्ब, की बल्ब, परावर्तक व काच यांची मिळून होणारी रचना?

या प्रश्नाचे मूळ दिव्याच्या भूमितीत आहे. परवलयाकार परावर्तकाच्या नाभीवर तंतू ठेवला की किरण समांतर होऊन दूर जातात. तंतू किंचित सरकला की झोताची दिशा बदलते. १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या दोन तंतूंच्या बल्बने याच गुणाचा उपयोग करून एकाच दिव्यातून दूरचा व खालचा असे दोन झोत मिळविले. अर्थात, जी अचूकता येथे उपकारक ठरली तीच सैल बसणाऱ्या बल्बच्या बाबतीत अपायकारक होणार, हे उघड होते.

अमेरिकेने १९४० च्या सुमारास यावर मूलगामी उपाय योजला. तंतू, परावर्तक व काच एकत्र बंद केलेला सात इंच व्यासाचा 'सील्ड बीम' दिवा तेथे सर्वत्र रूढ करण्यात आला. परावर्तक काळवंडण्याची भीती गेली, आणि दिवा बदलला की संपूर्ण रचनाच नवी मिळू लागली. मात्र या लाभाच्या मोबदल्यात सुधारणेचा वेग मंदावला. युरोपने बल्ब सुटाच ठेवला, परंतु त्याची मापे काटेकोरपणे ठरवून दिली. तेथे १९५७ पासून असममित खालचा झोत मान्य झाला, १९६२ मध्ये हॅलोजनचा 'एच १' आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा 'एच ४' हे बल्ब आले.

यातून एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. 'एच ४' बल्ब घेणारा सात इंची युरोपीय दिवा अमेरिकन मोटारीच्या जुन्या खोबणीत सहज बसे. हौशी मालक तो आणवून बसवीत. ही अदलाबदल संपूर्ण रचनेची असल्यामुळे प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने सुसंगत होती. तरीही १९६८ पासून लागू झालेल्या १०८ क्रमांकाच्या संघीय मानकाला ती मान्य नव्हती. १९८३ मध्ये बदलता येणाऱ्या बल्बला तेथे अनुमती मिळाली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सातने तिचा प्रथम लाभ घेतला.

पुढील काळात प्रश्न उलटा झाला. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेत झेनॉन दिवे आले, आणि कालांतराने झेनॉनचे व मग एलईडीचे सुटे संच हॅलोजनच्या दिव्यात बसविले जाऊ लागले. ते खोबणीत बसतात. परंतु झेनॉनची ज्योत किंवा एलईडीची चपटी चकती यांचा आकार व स्थान तंतूसारखे नसते. परिणामी प्रकाश मर्यादारेषेच्या वर विखुरतो. जवळचा रस्ता उजळल्यामुळे चालकाला अधिक दिसल्याचा भास होतो. समोरचा मात्र क्षणभर आंधळा होतो.

याउलट, जी सुधारणा सर्वांत निर्धोक ती सर्वांत कमी आकर्षक आहे. तंतूच्या बल्बचा प्रकाश विद्युद्दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जुन्या, बारीक तारांमुळे दाब १० टक्के घटला तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. जाड तारा व रिले बसविल्यास मूळ बल्बच पूर्ण तेजाने जळतो आणि झोताची आकृती अबाधित राहते. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब लावला असता मात्र त्याच जुन्या तारा तापतात.

२०२० मध्ये जर्मनीत हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका एलईडी बल्बला प्रथमच रस्त्यावर वापरण्याची मान्यता मिळाली. पण ती केवळ तपासलेल्या विशिष्ट मोटारींपुरती. या निर्णयात वरील प्रश्नाचे उत्तर अनुस्यूत आहे. शब्दाचा अर्थ जसा वाक्यात निश्चित होतो, तसा बल्बचा गुण दिव्याच्या रचनेत निश्चित होतो. आपल्याकडील चालक 'डिपर देणे' हा प्रयोग समोरच्याला इशारा करणे या अर्थाने करतात. दिवा हा दोघांमधील व्यवहार आहे, ही जाण त्या प्रयोगात आहे. सुटा भाग विकत घेताना नेमकी तीच हरवते.