गोतापासून नगरपंचायतीपर्यंत

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली वेण्णा या बाजूने खाली कण्हेरच्या धरणाकडे जाते. जावळीचे नाव काढले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे चंद्रराव मोरे आणि १६५६ साल उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आज आम्हांस त्या लढाईकडे वळावयाचे नाही. नळाला पाणी केव्हा सुटावे, गटार कोणत्या आळीतून काढावे, घरपट्टी किती बसवावी, या गोष्टी ठरत असताना ज्यांच्या दारात त्या घडावयाच्या, त्यांना बोलावयास जागा कोठे होती आणि आज कोठे आहे, एवढाच आमचा विषय आहे. विषय रूक्ष वाटेल. पण मेढ्यापुरते बोलावयाचे तर ही जागा आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहे, आणि त्या बदलाची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

जुन्या काळी वतनाचा, शिवेचा किंवा पाण्याचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही तेथे हजर असत. निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. अशा महजरांच्या तळाशी पाहावे. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, न्हाव्यापुढे आरसा, परिटापुढे मोगरी, महारापुढे विळा. ज्याला अक्षर येत नाही त्याचे हत्यार त्याच्या वतीने साक्ष देते. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या सभांचे व्यवहार तपशिलाने मांडले आहेत. ही सभा म्हणजे आजची लोकशाही होती असे मात्र कोणी समजू नये. तेथे माणूस बसे तो वतनदार किंवा बलुतेदार म्हणून, नागरिक म्हणून नव्हे. मानपानाची पायरी सुटत नसे, आणि स्त्रीचा आवाज क्वचितच उमटे. तरीही एक गोष्ट त्या कागदांत निर्विवाद दिसते. ज्यांच्यावर निवाड्याचा भार पडावयाचा, त्यांच्या समक्ष तो व्हावा, ही अपेक्षा होती.

१८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले आणि कारभार कचेरीत गेला. गावातील माणूस आता सभेत बसणारा राहिला नाही. तो अर्जदार झाला. पण त्याच सुमारास एक चमत्कारिक कायदा या देशात झाला होता. १८५० च्या २६ व्या कायद्याप्रमाणे एखाद्या शहरात नगरपालिका स्थापावयाची तर तेथील रहिवाशांची तशी इच्छा असली पाहिजे, अशी अट होती. साताऱ्यास १८५३ साली नगरपालिका झाली. इच्छा नेमकी किती जणांनी प्रकट केली म्हणजे ती रहिवाशांची धरावयाची, हा प्रश्न मात्र मोकळाच होता, आणि पुढे दीर्घकाळ पालिकांत सरकारी अधिकाऱ्यांचेच वजन राहिले. लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव आणि १८८४ चे मुंबई इलाख्याचे कायदे यांनी निवडणुकीचे तत्त्व पुढे सरकवले, तेही मालमत्तेच्या व कराच्या कुंपणातच.

आपल्या लोकांनी यापेक्षा पक्का विचार केला होता. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष आपल्याच जिल्ह्यातील औंधचे पंतप्रतिनिधी होते. त्या सभेचे सभासद व्हावयाचे तर निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘आम्ही लोकांच्या वतीने बोलतो’ असे म्हणणाऱ्यास ‘कोणत्या लोकांच्या?’ असे विचारण्याची ही रीत होती. हल्लीच्या अनेक मंडळांस ती लावून पाहण्यासारखी आहे! पुढे त्याच औंध संस्थानात १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने, राजाने आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. गावाने पाच पंच निवडावयाचे आणि गावपंचायतींच्या पायावर वरचा कारभार उभारावयाचा, अशी ती योजना होती. मत द्यावयास लिहितावाचता येण्याची अट होती, ती आम्हांस पटत नाही. परंतु पायाचा दगड गाव धरला, यात दूरदृष्टी होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग आटोपला.

स्वतंत्र महाराष्ट्राच्या हद्दीत या विचाराला कायद्याचे रूप मिळाले ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने. त्यातील ग्रामसभा ही आमच्या मते गेल्या दोनशे वर्षांतील सर्वांत मोठी देणगी. येथे प्रतिनिधीची गरज नाही. ज्याचे नाव गावच्या मतदारयादीत, तो सभेचा घटक. सरपंचास हिशेब विचारावा, लाभार्थ्यांची यादी वाचावयास लावावी, पाण्याची पाळी का चुकली हे तोंडावर पुसावे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान मिळाले. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद झाली. १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तेवढी गणपूर्ती पुरते. आता या सभा अनेक ठिकाणी कशा होतात, हे सांगावयास नको. वहीवर सह्या फिरतात आणि सभा ‘झाली’ असे लिहिले जाते. पण ज्या दिवशी गाव खरोखर चिडते, त्या दिवशी तीच सभा कारभाऱ्यांना घाम फोडते, हेही आपण पाहिले आहे.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती कराव्यात, असे धोरण शासनाने २०१४ साली घेतले. त्यानुसार २०१६ सालापासून मेढ्यात नगरपंचायत आहे. यात मिळाले पुष्कळ. शहरी योजनांचा निधी आला, मुख्याधिकारी आला, सतरा प्रभाग आणि सतरा नगरसेवक आले. गेले काय? ग्रामसभा गेली. ती कोणी रद्द केली नाही. ग्रामपंचायतीचा कायदा लागू राहिला नाही, म्हणून ती आपोआप मिटली. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांस बंधनकारक. लहान गावाला सभा, मोठ्या शहराला समिती, आणि मधल्या मेढ्यासारख्या ठिकाणाला दोन्हीही नाही, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

म्हणून उरलेल्या वाटा नीट ओळखल्या पाहिजेत. मालमत्तेच्या करआकारणीची यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर मुदतीत हरकत घेता येते व ती ऐकून घ्यावी लागते. प्रभागरचनेच्या मसुद्यावर हरकती मागवतात. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास आराखड्याच्या प्रारूपावरही सूचना देता येतात, आणि आपल्या अंगणातून रस्ता जाणार की नाही हे त्या नकाशावर ठरत असते. या साऱ्या वाटांना एकच खोड आहे. त्या सभेच्या नव्हेत, कागदाच्या आहेत. नोटीस फलकावर लागते, मुदत सुरू होते आणि बाजारातून जाताना तो फलक कोणी वाचत नाही.

जावळीच्या लेकींनी मात्र कागदाची वाटही कशी चालावी हे दाखवून दिले आहे. दारूचे दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता यावे, असा आदेश राज्याने २००८ साली काढला. तो गावांप्रमाणे शहरी प्रभागांसही लागू आहे. एकचतुर्थांश स्त्री मतदारांनी सह्यांनिशी मागणी करावयाची, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते मिळून चालत नाही. यादीतील एकूण स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक लागतात. घरी राहिलेली बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते, असाच याचा अर्थ. एवढी कठीण अट असून या तालुक्याचे नाव दारूबंदीच्या चळवळीत राज्यभर झाले ते आळीआळीतून, दारोदार हिंडून यादीतील एकेक नाव गाठले म्हणून.

२००९ साली महाराष्ट्राने शहरांसाठी ‘क्षेत्रसभा’ कायद्यात आणली, म्हणजे ग्रामसभेची शहरी बहीणच. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली आहे. परंतु प्रभागातील मतदारांस बोलावून अंदाजपत्रक वाचून दाखवावयास नगरपंचायतीस कोणता कायदा आडवा येतो? आम्हांस तरी तसा दिसत नाही. तेव्हा प्रत्येक प्रभागात वर्षातून दोनदा, एकदा अंदाजपत्रकापूर्वी आणि एकदा पावसाळ्यापूर्वी, सभा बोलवावी अशी मागणी प्रभागवार सह्यांनिशी करता येईल. सार्वजनिक सभेची पन्नासांची अट तेथे माप म्हणून चालेल. असा अर्ज नगरपंचायतीच्या कचेरीत आवक बारनिशीत नोंदवून द्यावा आणि त्याची पोच मागून घ्यावी.