सामत्यापासून बिनवायरीच्या ड्रिलपर्यंत

मनुष्यानें घर बांधलें, गाडी जोडली, नौका पाण्यांत लोटली. या सर्व उद्योगांच्या मुळाशीं एक लहानसें कर्म आहे, आणि तें म्हणजे कठीण पदार्थाला भोंक पाडणें. भोंकावांचून खुंटी बसत नाहीं आणि खुंटीवांचून सांधा टिकत नाहीं. तरी तलवारीचा आणि नांगराचा इतिहास जितक्या आस्थेनें लिहिला गेला, तितका भोंक पाडणाऱ्या हत्याराचा लिहिला गेला नाहीं. आज तें हत्यार बॅटरीवर चालूं लागलें आहे आणि पिस्तुलाचा आकार घेऊन सामान्य गृहस्थाच्या कपाटांत येऊन बसलें आहे. दुकानांत त्याचे दहा प्रकार मांडलेले पाहून गृहस्थ गोंधळतो. या गोंधळाचें उत्तर पुष्कळसें त्या हत्याराच्या इतिहासांतच सांपडतें.

हा इतिहास पनवेलपासून आरंभावा हें उचित होय. पनवेल म्हटलें कीं आज रेल्वेचें मोठें स्थानक आणि द्रुतगति महामार्ग यांची आठवण होते. परंतु एके काळीं हा गांव बैलगाडीच्या चाकांसाठीं प्रसिद्ध होता. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी व माल जलमार्गानें पनवेलच्या बंदरास येई आणि तेथून गाड्यांनीं घाट चढे. १८६३ सालीं आगगाडीनें बोरघाट ओलांडला व या वाटेचें महत्त्व कमी झालें. तरी चाकांचा धंदा टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकांतील सरकारी गॅझेटियरांत पनवेलच्या चाकांचा मुद्दाम उल्लेख आहे. घाटावरून आलेला गाडीवान परततांना येथून चाकांची जोडी घेऊन जात असे.

असें एक चाक म्हणजे भोंकांचाच संसार असे. मधल्या तुंब्याला आंसासाठीं मोठें भोंक, त्याच तुंब्याच्या अंगावर आरे बसविण्यासाठीं भोंवतालीं खांचा, आणि आऱ्यांचीं बाहेरचीं टोकें रोंवण्यासाठीं परिघाच्या वक्र तुकड्यांना पुन्हां भोंकें. सुतार प्रथम गोल भोंक पाडी आणि मग पटाशीनें तें चौकोनी करी. भोंक रेसभर वांकडें गेलें तर आरा वांकडा बसे, आणि भरल्या गाडीखालीं तें चाक घाटांत दगा देई. भोंक सरळ जाणें हा त्या कारागिराच्या अब्रूचा प्रश्न होता.

या कामाचीं मराठी सुताराचीं दोन जुनीं साधनें म्हणजे सामता आणि गिरमिट. सामत्यांत एक उभा दांडा असतो व त्याच्या खालच्या टोकाला पोलादी पातें असतें. दांड्याभोंवतीं दोरीचा वेढा देऊन ती दोरी कमानीला बांधलेली असते. डाव्या हातानें दांडा वरून दाबावयाचा आणि उजव्या हातानें कमान मागेंपुढें ओढावयाची. दांडा एकदां उजवीकडे फिरतो, एकदां डावीकडे. गिरमिटाची रचना निराळी आहे. त्याच्या टोकाला पेंच असतो. तो लांकडांत शिरतांना पात्याला आपल्यामागून ओढून नेतो आणि आडव्या मुठीनें तें एकाच दिशेनें फिरवितां येतें. त्याच्या अंगावरील पन्हळीवाटे भुसा बाहेर येतो. या दोन साधनांकडे पाहिलें म्हणजे भोंक पाडण्याचीं तीन कर्में स्पष्ट दिसतात: फिरविणें, दाबणें आणि चूर बाहेर काढणें. पुढील सर्व यंत्रें या तीन कर्मांचींच रूपांतरें आहेत.

कमानीच्या जातीचीं साधनें फार प्राचीन आहेत. बलुचिस्तानांतील मेहरगढ येथील दफनांत गारगोटीच्या टोकांनीं कोरलेल्या मानवी दाढा सांपडल्या. त्या साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वींच्या आहेत, असें २००६ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. सिंधु संस्कृतीच्या कारागिरांनीं अकीकाच्या लांब मण्यांना आरपार भोंकें पाडलीं, आणि गुजराथेंत खंबायतचे मणिकार कमानीचें साधन आपल्या काळापर्यंत चालवीत आले आहेत. हातानें फिरविण्याची ही परंपरा इतकीं सहस्रकें अबाधित राहिली.

ती मोडली विजेनें. १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें आर्थर जेम्स आर्नॉट व विल्यम ब्रेन यांनीं विजेच्या ड्रिलचें पेटंट घेतलें. १८९५ सालीं जर्मनींत स्टुटगार्टच्या फाइन बंधूंच्या कारखान्यानें हातांत धरतां येणारें विजेचें ड्रिल तयार केलें. परंतु हीं यंत्रें जड होतीं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १९१० सालीं स्थापन झालेल्या ब्लॅक अँड डेकर या कंपनीनें यंत्राला पिस्तुलाची मूठ आणि बोटानें दाबावयाचा घोडा दिला. त्याचें पेटंट १९१७ सालीं मिळालें. हा बदल दिसावयास किरकोळ, पण परिणामानें मोठा होता, कारण आतां धरणें, दाबणें आणि चालूं-बंद करणें हीं तिन्ही कामें एकाच हातांत आलीं.

महाराष्ट्रांतही हा उद्योग रुजला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या मुलुंड उपनगरांत रॅलीवुल्फचीं विजेचीं ड्रिलें बनूं लागलीं, आणि कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ येथें १९७६ सालीं कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी उभी राहिली. पण अद्याप एक बंधन होतें, तें वायरीचें. भिंतींतील विजेच्या जागेपासून जेवढी वायर लांब, तेवढेंच यंत्राचें राज्य.

हें बंधन १९६१ सालीं सुटलें. ब्लॅक अँड डेकरनें निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारें ड्रिल बाजारांत आणलें. हें यंत्र चंद्रावर जाण्यासाठीं निर्माण झालें अशी एक लोकप्रिय समजूत आहे; ती खरी नव्हे. चंद्रावरचें ड्रिल त्यानंतर दहा वर्षांनीं आलें. त्याची हकीकत मात्र बोधप्रद आहे. १९७१ सालीं अपोलो १५ च्या सफरींत डेव्हिड स्कॉट यांनीं बॅटरीवरील ड्रिलनें चंद्रभूमींत भोंकें पाडण्यास आरंभ केला. शक्तीची उणीव नव्हती. पण दांड्याच्या सांध्यांपाशीं चूर वर येण्याची वाट अडली आणि उष्णता मोजण्यासाठीं पाडावयाचीं भोंकें ठरलेल्या खोलीपर्यंत गेलीं नाहींत. जवळजवळ अडीच मीटर खोल गेलेली नमुन्याची नळी बाहेर ओढतांना दोघां अंतराळवीरांना अंगचें बळ लावावें लागलें. पनवेलच्या सुताराला गिरमिटाची पन्हळ जें शिकवीत होती, तेंच चंद्रानें पुन्हां शिकविलें: समोरचा पदार्थ कसा आहे याचा विचार आधीं, यंत्राच्या बळाचा नंतर.

घरगुती उपयोगासाठीं आणखी दोन सुधारणा कारण झाल्या. हेन्री फिलिप्स यांनीं १९३६ च्या सुमारास चौफुली खांचेचा स्क्रू रूढ केला. त्यामुळें यंत्राचें फिरतें टोक स्क्रूच्या माथ्यावर आपोआप मध्यभागीं बसूं लागलें. त्याचमुळें आजचें यंत्र भोंक पाडतें आणि स्क्रूही पिळतें. दुसरी सुधारणा बॅटरीची. जपानच्या माकिता कंपनीचें १९७८ चें ड्रिल निकेल-कॅडमियमवरच चालत होतें. सोनीनें १९९१ सालीं लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणली आणि २००५ च्या सुमारास ती ड्रिलांत आली. ती हलकी असते, पडून राहिली तरी फारशी उतरत नाहीं, आणि अर्धवट भरल्यानें बिघडत नाहीं. या बॅटरीच्या तिघां जनकांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथवर यंत्राचा इतिहास झाला. परंतु भोंकाला दुसरी बाजू असते, ती भिंतीची. पूर्वीं भिंतींत छिन्नीनें चौकोनी खांच करून लांकडाची गिट्टी चुन्यांत किंवा सिमेंटांत बसवीत व तींत स्क्रू पिळीत. १९११ च्या सुमारास इंग्लंडांत जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनीं ब्रिटिश म्यूझियममधील भिंतींची नासधूस टाळण्यासाठीं लहान गोल भोंकांत बसणारा प्लग काढला. १९५८ सालीं जर्मनींत आर्टुर फिशर यांनीं नायलॉनचा प्लग केला. तेव्हांपासून बारीक, गोल, अचूक भोंक ही प्रत्येक घराची गरज झाली.

आतां पनवेलकडे पुन्हां वळावें. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली आणि जुन्या गांवाशेजारीं, रेल्वेच्या पलीकडे, नवीन पनवेल वसलें. येथील घरांत एकाच खोलींत दोन प्रकृतींच्या भिंती भेटतात. खांब व तुळया सळयांच्या काँक्रीटच्या, आणि मधली भिंत विटांची. अलीकडच्या उंच इमारतींत कोठें संपूर्ण भिंतच काँक्रीटची असते, तर कोठें हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची. अशा ठोकळ्यांस लोक सरसकट सिपोरेक्स म्हणतात, पुण्याच्या बी. जी. शिर्के यांच्या कंपनीनें तें नांव या देशांत घरोघरीं पोंचविलें. भिंत कोणती हें चुरा सांगतो. लाल चुरा आला तर वीट. करडा, बारीक चुरा येऊन यंत्र पुढें सरकेनासें झालें तर काँक्रीट. पांढरी मऊ पूड भराभर आली तर सच्छिद्र ठोकळा.

या तीन भिंतींवरून यंत्राची निवड ठरते. साधें बिनवायरीचें ड्रिल केवळ फिरतें. लांकूड, पत्रा, फर्निचरचे स्क्रू आणि सच्छिद्र ठोकळे यांस तें पुरे आहे. ठोकळ्यांवर तर ठोके देऊंच नयेत, भोंक ढिलें होतें. विटेसाठीं ठोक्याची सोय असलेलें ड्रिल घ्यावें. त्यांत दोन दांतेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि क्षणोक्षणीं शेंकडों हलके ठोके बसतात. काँक्रीटला मात्र याहून निराळें यंत्र लागतें. त्यांत दट्ट्या हवा दाबून घण उडवितो. बॉश कंपनीनें असा विजेचा हातोडा १९३२ सालीं काढला. जो गृहस्थ लहानशा बिनवायरीच्या ड्रिलनें काँक्रीटचा खांब भेदूं पाहतो, तो पातें जाळतो, बॅटरी शिणवितो आणि शेवटीं यंत्राला दोष देतो.

येथेंच एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. खांब व तुळई यांतील सळईवर काँक्रीटचें आवरण बहुधा २५ ते ४० मिलीमीटरच असतें, आणि प्लगचें भोंक सहज तितकें खोल जातें. खाडीची दमट हवा आणि कोंकणचा पाऊस ज्या गांवीं आहे, तेथें अशा भोंकावाटे ओल सळईपर्यंत पोंचली तर सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. एका घराच्या फळीसाठीं सगळ्या इमारतीच्या आधाराला धक्का लावणें योग्य नव्हे. शक्य तों खांब सोडून विटेची भिंत निवडावी. तसेंच विजेच्या बटणांच्या सरळ वर-खालीं आणि नळांच्या ओळींत भोंक पाडूं नये.

दुकानांतील आंकड्यांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. १८ व्होल्ट आणि '२० व्होल्ट कमाल' हीं दोन निराळीं बळें नव्हत. दोन्हींत पांच सेल असतात. प्रत्येकाचा नेहमींचा दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर सुमारें ४ व्होल्ट. पहिला आंकडा कामांतला, दुसरा जाहिरातींतला. याच न्यायानें तीन सेलांचें यंत्र कोठें १०.८ व्होल्टचें तर कोठें १२ व्होल्टचें म्हणून विकलें जातें. तें हलकें असतें, आणि पडदे, बिजागऱ्या, फर्निचर एवढ्या कामाला पुरतें. विटेच्या भिंतीचें काम वारंवार असेल तर १८ व्होल्ट घ्यावें. वेगाचे दोन टप्पे असावेत: स्क्रूसाठीं मंद, बारीक भोंकासाठीं जलद. पुढील भागीं आंकड्यांची फिरती कडी असते. ठरलेला जोर झाला कीं ती यंत्राची पकड सोडविते आणि स्क्रूचा माथा वांचतो. ब्रशविरहित मोटर महाग असली तरी बॅटरी जपून वापरते. बॅटरी एका कंपनीची दुसरीच्या यंत्राला लागत नाहीं. म्हणून पहिलें यंत्र घेतांना पुढील यंत्रांचाही विचार करावा.

आणि ज्या घरीं वर्षांतून चारच भोंकें पडावयाचीं असतील, तेथें काय करावें? बॅटरी वापरली नाहीं तरी वर्षांबरोबर म्हातारी होते. वायरीच्या साध्या ठोक्याच्या ड्रिलला ती चिंता नाहीं आणि त्याची किंमतही कमी असते. याहूनही चांगलें म्हणजे सोसायटींतील सर्व घरांनीं मिळून एक उत्तम यंत्र घ्यावें आणि नेहमींच्या सुताराला त्याच्या कामाचा मान व मोबदला देऊन अवघड भोंकें त्याच्याकडूनच पाडून घ्यावींत. सामत्याची कमान ओढणाऱ्या त्याच्या पूर्वजाला लांकडाची जात बोटांनीं समजत असे. यंत्रानें हाताचे कष्ट हरले, वायरीचें बंधनही हरलें; समोरचा पदार्थ ओळखण्याचें काम मात्र माणसाकडेच राहिलें आहे. नवीन पनवेलच्या गृहस्थानें यंत्राच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं आपल्या भिंतीवर बोटानें टकटक करून पाहावें. कोणतें ड्रिल घ्यावें, हें बहुतांशीं तेथेंच ठरतें.