रेडियम, रेडियम म्हणतात ते...

आमच्या पालममध्ये 'रेडियमचं दुकान' म्हटलं की गाड्यांच्या नंबरप्लेटा करून देणारा. गंगाखेडच्या रस्त्याला रात्री उसाचे ट्रॅक्टर लागतात, त्यांच्या मागची लाल पट्टीही रेडियमच. नातवंडांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्याही रेडियमच्या. पोरांना मीही वर्गात हेच सांगत आलो. मी इतिहास-मराठीचा मास्तर, पण विज्ञानाचे सर रजेवर असले की तो तास माझ्या गळ्यात पडे!

परवा पुण्यात एम.एस्सी. करणाऱ्या नातीने कान उपटले. "आजोबा, यातल्या एकातही रेडियम नाही." ट्रॅक्टरची पट्टी नुसता समोरचा उजेड परत फेकते. चांदण्या उजेड पिऊन ठेवतात आणि अंधारात हळूहळू सोडतात. खरं रेडियम होतं ते आमच्या वडिलांच्या जुन्या घड्याळात. ते आता चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड झिजलं. रेडियम मात्र शाबूत आहे. त्याचं अर्धं आयुष्यच १६०० वर्षांचं! काच उघडायची नाही, असं तिने बजावलंय. अमेरिकेत १९२०च्या आसपास अशा तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशाचं टोक ओठांनी नीट करत. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली.

मग मी इतिहास शोधत बसलो, दुसरं येतं काय मला? १६०३च्या सुमारास इटलीतल्या बोलोन्या गावी विन्चेन्झो काश्शारोलो नावाच्या चांभाराने, सोनं मिळेल या आशेने, डोंगरातला जड दगड कोळशात भाजला. सोनं नाही मिळालं, पण उन्हात ठेवलेला तो दगड अंधारात निखाऱ्यासारखा दिसू लागला. कार्बनी रेणूंत अशी चमक का येते, त्यातला मोठा धागा १९४४ साली गिल्बर्ट लुईस आणि मायकेल काशा यांनी सोडवला. माझ्या भाषेत सांगतो. सुटीची घंटा झाली की पोरं धूम ठोकतात. एखादा मात्र चुकून अशा खोलीत शिरतो जिथून बाहेर पडायला मनाई आहे, तो उशिरा कसाबसा निसटतो. रेणूतली ऊर्जाही अशीच अडकते आणि सावकाश उजेड होऊन बाहेर येते.

चांदण्यांमधला पदार्थ खनिज जातीचा. आपल्या नागपूर विद्यापीठात अशा खनिज पदार्थांवर कितीतरी वर्षं काम चालू आहे. कार्बनी रेणूंचं गणित अवघड, कारण ते हलत राहतात, हवेतला ऑक्सिजन आड येतो आणि चमक विझते. २०१७ साली जपानच्या क्यूशू विद्यापीठात काबे आणि अदाची यांनी दोन कार्बनी पदार्थ मिसळून साध्या तापमानाला तासाभराहून जास्त चमक टिकवली. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातही कार्बनी चमकीवर काम होतं.

आता मला हे का कुरतडत होतं, ते सांगतो. आमच्या ताईची गाठ काढली तेव्हा कड राहून गेली, दोन महिन्यांनी पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. चमकणारा रंग टोचून गाठ बघण्याची पद्धत आहे, पण त्यावर दिवा धरला की आपलं मांसही थोडं चमकतं आणि सगळं पुसट होतं. दिवा बंद केल्यावरही उजेड देणारा पदार्थ असेल तर? मांस गप्प, गाठ तेवढी दिसणार. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात २०१७ साली कान्यी पू यांच्या गटाने असे बारीक कार्बनी कण उंदरांना टोचले. त्यांची चमक सहा-सात मिनिटांत निम्मी होते, पण तेवढ्यात गाठी नेहमीच्या रंगापेक्षा कितीतरी ठळक दिसल्या.

हे मी ताईला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे माझं दुसरं ऑपरेशन वाचलं असतं का रे?"

मी म्हटलं, "ताई, अजून उंदरांपर्यंतच आलंय ते."

"बरं," म्हणाली, आणि पावसाचं विचारू लागली.